फिरते पण पेटत नाही

थळ, १३ नोव्हेंबर १९४९

आज किनाऱ्यावर माझ्या हातून नारळ फुटला. रघूच्या होडीला इंजिन बसलं. रघू म्हणजे माझा कंपाउंडर धर्मा याचा थोरला भाऊ. इंजिनासाठी कोळ्यांच्या सोसायटीकडे अर्ज गेला तेव्हा अलिबागेत दोन ठिकाणी मी शब्द टाकला होता, म्हणून हा मान. त्यांच्या आईने, ठमाबाईने, आधी होडीला ओवाळलं आणि मग मला. अख्खा कोळीवाडा हसत होता. मीही.

इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. धर्मा माझ्या कानाशी ओरडून समजावत होता, "पेट्रोलवर चालू करायचं, दादा. तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. पेट्रोल थोडंसंच लागतं."

"ते थोडंसं आणणार कुठून? मी डॉक्टर असून रेशनच्या कुपनांवर मिळतं ते मला पुरत नाही."

"सोसायटी देईल की," तो म्हणाला.

होडी खांदेरी बेटाच्या दिशेने लहान होत गेली. धर्मा पाण्यात गुडघाभर उभा राहून बघत होता. लढाईच्या दिवसांत हा पोरगेला तरुण हातात गळ रुतवून माझ्याकडे आला आणि जखम भरल्यावर परत गेलाच नाही. मलमपट्टी, औषधं, सुई देणं, सगळं मी शिकवलं. गावात सगळे मला डाक्टर म्हणतात, तो एकटा दादा म्हणतो. मला सख्खा भाऊ नाही. कमी कधी वाटली नाही.

२२ नोव्हेंबर

माझ्या ऑस्टिन मोटारीने आज प्रथमच दगा दिला. सकाळी स्टार्टर मारला तर इंजिन जोरात फिरतं, पण पेटत नाही. बॅटरी चांगली. हँडल मारून मारून खांदा भरून आला. ऊन चढल्यावर एकदाची खोकत सुरू झाली, ढीगभर पांढरा धूर सोडून. थंडीमुळे असेल. गाडी म्हातारी आहे. आधीच्या मालकाने, धरमतरच्या एका पारशी इंजिनिअराने, देताना म्हटलं होतं की हिला बायकोसारखी समजून घ्यावी लागते. सौ.ला हे सांगितलं होतं, तिला आवडलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

पुन्हा तेच. दवाखान्याबाहेर माणसं बसलेली आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून. प्लग काढले, काळे आणि ओले. पुसले. धर्मा म्हणाला, "तव्यावर भाजून लावू, दादा. गरम प्लगवर पेटंल." खरंच पेटली! हे त्याला कसं सुचलं विचारलं, तर म्हणाला होडीच्या इंजिनाला असंच करतात. हुशार आहे. तवा घरचा घेतल्याबद्दल सौ. दोघांवर रागावली.

ती आणखी एक म्हणाली, की माझ्या कोटाला हल्ली रॉकेलचा वास मारतो. मारत असेल. माझं नाक पावसाळ्यापासून चोंदलेलं आहे, मला कार्बोलिकचाही वास नीट येत नाही. दवाखान्यातले कंदील भरताना सांडलं असेल.

धर्माच्या घरून आज पापलेटं आली. आठवड्यात दुसऱ्यांदा. नको म्हटलं तर ठमाबाईला वाईट वाटतं.

१ डिसेंबर

अलिबागेच्या रावजी मिस्त्रीने गाडी बघितली. त्याने कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, आणि माझ्यासमोर चार वेळा सुरू करून दाखवली. अर्थात, थळहून मी तापवतच आणली होती. "डाक्टर, ठणठणीत हाय," म्हणाला. मी खूश होऊन परतलो.

परतण्याआधी अलिबागेहून पुढे, कार्लेखिंडीपलीकडे, कोंडाजीच्या घरी जाऊन आलो. त्याची लेक बायजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. पायांवर सूज, तोंडही भरलेलं दिसतं. लघवी तपासली, लक्षण बरं नाही. कोंडाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "हिचं बाळंतपण घरी होऊ द्यायचं नाही. कळा सुरू झाल्या, किंवा नुसतं डोकं दुखतं म्हणाली, तरी माझ्याकडे माणूस धाड. मी गाडी घेऊन येतो, थेट अलिबागेच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ."

कोंडाजी भाताची शेती करणारा, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, "गाडी येल ना, डाक्टर?"

"येईल," मी म्हणालो.

बायजा दारातून ऐकत होती. तिने विचारलं, "मोटारीत उलटी झाली तं चालंल का?" मी हसून म्हटलं, मोटार धुता येते.

१० डिसेंबर

खिंड चढताना इंजिन खणखणत होतं, आत कोणी खिळे उधळावेत तसं. जोरही नाही. वर पोचेपर्यंत धूर. आता व्हॉल्व्हवर संशय आहे. धर्माला म्हटलं, पुढच्या महिन्यात इंजिन उघडावं लागेल. तो पान्हे पुसत राहिला. हल्ली फार गप्प असतो. घरी काही आहे का विचारलं, तर "काय न्हाय" म्हणाला.

त्यांच्या होडीचं मात्र बरं चाललंय. रोज पहाटे मी उठतो त्या सुमाराला किनाऱ्यावरून तिचा आवाज येतो. एका फटक्यात सुरू! असूया वाटते, खरंच.

१८ डिसेंबर

काल काय झालं ते लिहून ठेवायचं आहे. हात जड झाला आहे, पण लिहितो.

उजाडताना कोंडाजी स्वतः आला. धावत आला होता, वाटेत कोणाच्या तरी सायकलच्या मागे बसला होता. बायजाचं डोकं फार दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधार येत होता. मी बॅग घेऊन गाडीत बसलो. स्टार्टर मारला. फिरली. पेटली नाही.

पुन्हा. पुन्हा. चोक ओढून, चोक सोडून. प्लग काढून तव्यावर भाजले, लावले, तरी नाही. हँडल मारलं. कोंडाजी अंगणात उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याने निदान शिव्या द्यायला हव्या होत्या. आजूबाजूची माणसं बोलावून गाडी ढकलली. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला की गचके खायची आणि थांबायची. धर्मा सगळ्यांच्या पुढे होता. घसरून गुडघे फोडून घेतले त्याने, तरी ढकलत राहिला.

मग तो एकदम गाडी सोडून किनाऱ्याकडे पळत सुटला. मला वाटलं आणखी माणसं आणायला गेला. थोड्या वेळाने परत आला तो एकटाच, हात रिकामे. "होडी गेली, दादा," म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याच्यावर ओरडलो, की होडीचं काय घेऊन बसलास, टांगा बघ. त्याने टांगा आणला.

घोडं कितीही पिटलं तरी घोडंच. पोचलो तेव्हा बायजाला आकड्या येत होत्या. मूल बाहेर आलं होतं, सुइणीने आणलं होतं. मुलगी, लहान, पण रडणारी. जवळ होतं ते इंजेक्शन मी दिलं. बैलगाडीत पेंढा घालून तिला अलिबागेच्या वाटेला लावलं. खिंडीच्या खाली, रस्ता सरळ होतो तिथे, तिने श्वास सोडला. कोंडाजीला कळलं नाही. तो तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आपलं उपरणं धरून बसला होता. मला सांगावं लागलं.

ती गाडीत बसायची होती. उलटी झाली तरी चालेल म्हटलं होतं मी.

१९ डिसेंबर

काही नाही. दवाखाना धर्माने चालवला.

२१ डिसेंबर

गाडी विकून टाकावी असं सकाळी वाटलं. धर्माही म्हणाला, "विका, दादा. गाडीचाच दोष हाय, तुमचा न्हाय." त्याचे डोळे खोल गेलेत. जेवत नाही असं त्याची आई म्हणते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, तू जेवढी ढकललीस तेवढी कोणी ढकलली नाही.

पण विकणार नाही. एखादा रोगी हातून गेला तर का गेला हे शोधतो ना आपण? मग हिचंही शोधायचं.

२४ डिसेंबर

दवाखाना बंद ठेवून दिवसभर गाडीपाशी. ठरवलं की रावजीचं ऐकायचं नाही, माझंही आधीचं काही खरं धरायचं नाही. नव्याने तपासायचं.

इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, दाब आणि पेट्रोल. प्लग बाहेर काढून पत्र्याला टेकवला आणि सौ.ला स्टार्टर दाबायला सांगितलं. निळी, टणक ठिणगी. चारही प्लगांना तशीच. म्हणजे कॉइल, पॉइंट, वायरी, सगळं बरोबर. प्लगच्या भोकावर अंगठा दाबला, तर दाबाने अंगठा उडाला. म्हणजे व्हॉल्व्हवर मी उगाच आळ घेतला होता. कार्ब्युरेटरची नळी सोडली, तर धार आली. म्हणजे पेट्रोलही येतंय.

तिन्ही आहेत आणि गाडी पेटत नाही. असं होऊच शकत नाही. तिघांपैकी एक कोणीतरी खोटं बोलतंय.

हात पुसायला फडकं शोधत होतो. तळव्यावर नळीतलं सांडलेलं होतं, आणि ते वाळत नव्हतं. पेट्रोल हातावर पडलं की थंडगार लागतं आणि उडून जातं. हे तेलकट होऊन बसून राहिलं. मी सौ.समोर हात धरला. तिने नाकाशी नेला आणि म्हणाली, "मी केव्हाची सांगतेय, रॉकेल आहे हे."

काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर दवाखान्यातलं, पेट्रोलसारखंच उडून जाणारं बेंझिन, दुसरीवर टाकीतलं. पहिली कोरडी झाली. दुसरीवर डाग राहिला तो राहिलाच. टाकीत अर्ध्याहून जास्त रॉकेल आहे. तापलेल्या इंजिनात ते कसंबसं जळतं, म्हणून दुपारी गाडी चालायची, रावजीकडे चालली, खिंडीत खणखणली. पहाटेच्या गारव्यात कशी पेटणार?

बायजा गाडीने मारली नाही. कोणीतरी मारली.

संध्याकाळी धर्मा आला तेव्हा त्याला दोन्ही काचा दाखवल्या. त्याने त्या हातात घेतल्या. "कोण करेल असं?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय माहीत, दादा."

२६ डिसेंबर

अलिबागेला बसने गेलो, धर्माला बरोबर घेऊन. मी पेट्रोल घेतो ते एका सदाशेटच्या पंपावर. चार माणसांत मी त्याला भेसळखोर म्हणालो. खुनी म्हणालो. एवढा आवाज मी आयुष्यात कधी चढवला नसेल.

सदाशेट म्हातारा माणूस. त्याने पंपातून थोडं पेट्रोल काढून स्वतःच्या हातावर ओतलं आणि हात माझ्यापुढे धरला. बघता बघता कोरडा. "डाक्टर, माझ्या दारातनं बाहेर पडेपर्यंत ते पेट्रोल असतं. तुमच्या दारात गेल्यावर त्याचं काय होतं, ते तुम्ही बघा."

मला ते खरं वाटलं नाही. दाखवायचं पेट्रोल वेगळं ठेवलं असेल. धर्मा मागे उभा होता, मी वळून म्हटलं, "बघितलास याचा निर्लज्जपणा?" त्याने मान खाली घातली. माझ्या तमाशाची त्याला लाज वाटली असावी.

परतताना बसमध्ये तोच म्हणाला, की गाडी उघड्या मांडवात असते, टाकीला कुलूप बसवून घेऊ. बसवून घेतलं. एक किल्ली माझ्याकडे, एक धर्माकडे.

४ जानेवारी १९५०

टाकी उपसून, धुऊन, दुसऱ्या गावाहून पेट्रोल आणून भरलं. रोज सकाळी पहिल्या फटक्याला सुरू होते. तो आवाज ऐकवत नाही. पंधरवड्यापूर्वी सुरू झाली असतीस तर?

रघूची होडी मात्र वाळूवर ओढून ठेवलेली दिसते. इंजिनात काहीतरी बिघाड आहे म्हणे. मी धर्माला म्हटलं, "चल, मी बघतो, आता मला कळायला लागलंय." तर घाईघाईने म्हणाला, "नको, दादा. होईल दुरुस्त."

९ जानेवारी

ठमाबाई सकाळी दवाखान्यात आली. धर्मा औषधं आणायला अलिबागेला गेला होता. मला वाटलं, गुडघ्याचं दुखणं घेऊन आली. ती बसेना. पदर चाचपत उभी.

"डाक्टर, आमच्यावर राग हाय काय तुमचा?"

"राग? कशाचा?"

"काय चुकलं आसंल तं पायताणानं मारा. पन रघूच्या होरीचं पेट्रोल बंद करू नका. शिडावर घेतली तं लांबच्या पान्यात जाता येत न्हाय. तुम्ही देत व्हतात म्हनून घर चाललं. धर्मा बोलतो, दादांनी बंद केलंय, विचारू नको. मी म्हनलं, मी विचारन. देवमानूस हाय, सांगंल काय चुकलं ते."

मी तिला म्हटलं, "ठमाबाई, मी पेट्रोल देत होतो?"

"व्हय की. धर्मा तुमच्या गारीतनं आनायचा, तुमच्या हुकमानं. रिकामी बाटली न्यायाची न्हाय म्हनून मीच रॉकेल भरून द्यायची, डाक्टरच्या कंदिलाला." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. "डाक्टर? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही."

ती गेल्यावर मी बाहेरच्या रोग्यांना उद्या या म्हटलं.

१० जानेवारी

काल तो आला तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो. म्हटलं, "तुझी आई आली होती." एवढंच. तो औषधांची पेटी हातात धरून तसाच उभा राहिला. मग पेटी खाली ठेवली, सावकाश, बाटल्या फुटू नयेत म्हणून.

"सोसायटीनं दोनदा दिलं, दादा, मग बंद झालं. पहिल्या वेळी एकच बाटली काढली, तिच्या जागी रॉकेल ओतलं, टाकी उतरलेली दिसू नये म्हणून. तुम्हाला सांगणार व्हतो."

"मागायचं होतंस."

"मागितलं असतं तं दिलं असतंत. दुसऱ्या वेळी पण दिलं असतंत. तिसऱ्या वेळी कुपनं काढून दाखवली असतीत. मग मी घरी काय तोंड दाखवलं असतं? आई सगळ्या कोळीवाड्यात सांगत फिरत व्हती, डाक्टर देतो म्हणून."

"आणि त्या दिवशी?"

त्याने वाकून पेटीची कडी लावली. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, की आदल्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त काढलं होतं. होडी लांब जायची होती. सकाळी तो किनाऱ्यावर धावला तो होडीतलं पेट्रोल परत आणायला.

म्हणजे त्याला माहीत होतं. मी प्लग भाजत होतो, हँडल मारत होतो, कोंडाजी अंगणात उभा होता, आणि माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला गाडी का पेटत नाही हे माहीत होतं. तो बोलला असता तर मी पहिल्याच क्षणी टांगा बोलावला असता. गुडघे फुटेपर्यंत त्याने गाडी ढकलली, पण तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, "सदाशेटला मी खुनी म्हणालो तेव्हा तू माझ्या मागे उभा होतास."

"व्हय."

"मी तुला विचारलं, बघितलास का याचा निर्लज्जपणा?"

"दादा..."

"दादा म्हणू नकोस," मी म्हणालो. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी ठरवलं होतं तसं सांगितलं, की रविवारी मी कोंडाजीकडे जाणार आहे आणि त्याने बरोबर यायचं. स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तो "येतो" म्हणाला.

सौ.ला रात्री सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "पोलिसात?" ठमाबाईचं तोंड आठवलं. 

१२ जानेवारी

सदाशेटकडे जाऊन चार माणसांतच हात जोडले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. "चोर सापडला वाटतं?" म्हणाला. मी नाही म्हणालो. का म्हणालो कळत नाही.

१५ जानेवारी

धर्मा आला नाही. मी सकाळपासून मांडवात गाडीपाशी वाट बघितली. शेवटी कोळीवाड्यात निरोप धाडला, तर कळलं, कालच रेवसहून लाँच धरून मुंबईला गेला. आईला सांगून गेला, की दादांनीच मोठ्या इस्पितळात चिकटवून दिलंय.

एकटा गेलो. ऑस्टिन एका दमात खिंड चढली.

कोंडाजी अंगणात दोर वळत बसला होता. मुलगी पाळण्यात. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं: गाडी म्हातारी म्हणून बंद पडली नव्हती, टाकीतलं पेट्रोल कोणी काढून रॉकेल भरलं होतं, आणि तो माणूस मला आता ठाऊक आहे. पुढे नाव घेणार तोच कोंडाजीने हात वर केला.

"नाव नका सांगू, डाक्टर."

"तुला कळायला हवं."

"कळलं तं मला काय तरी करावं लागंल. मग हिला कोन बघंल?" त्याने पाळण्याकडे मान हलवली. पुष्कळ वेळ दोर वळत राहिला. दोर उसवत होता, तो पुन्हा वळत होता.

मग मी मुलीला तपासलं. अंग धरलंय, डोळे स्वच्छ. आईविना एवढी चांगली वाढेल असं वाटलं नव्हतं. दूध काय देता विचारलं.

"तेच, तुम्ही धाडता ते डब्याचं," कोंडाजी म्हणाला. "तुमचा कंपाउंडर आनून देत व्हता की, दर बाजाराला. उकळून कसं द्यायाचं ते त्यानंच दाखवलं. पोरीला मांडीवर घिऊन बसायचा." आणि मग, इतक्या दिवसांत प्रथमच, माझ्याकडे नीट बघून तो म्हणाला, "तुमचे उपकार हायेत, डाक्टर. त्या पोराला पन सांगा, कोंडाजीनं आठवन काढली."

मी एकही डबा पाठवला नव्हता. "सांगतो," म्हणालो.

घरी आल्यावर दवाखाना उघडला आणि बाळदुधाच्या कपाटासमोर उभा राहिलो. ते डबे त्याने आपल्या पगारातून आणले असतील, किंवा इथूनच उचलले असतील. कपाटात किती असायला हवेत ते मला माहीत आहे. किल्ली हातात होती. कपाट उघडलं नाही.